मोठ्या नावाच्या सावलीतली बाटली : छोट्या इटालियन उत्पादकांची रेड वाईन शोधायची कशी

उत्तर इटलीतल्या तोरिनोहून (ट्युरिनहून) आओस्ताच्या दिशेनं गाडी काढली की तासाभरात दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ यायला लागतात. पिएमोंते प्रांत संपून आओस्ताचं खोरं सुरू होतं, अगदी त्या वेशीवर कारेमा नावाचं गाव आहे. गावामागचा डोंगर पायरीपायरीनं चढत जातो. प्रत्येक पायरीला दगडाची ताल घातलेली, तालीवर चुन्यात बांधलेले जाड दगडी खांब, खांबांवर लाकडी मांडव आणि मांडवावर द्राक्षाचे वेल. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हा मांडव पाहताक्षणी ओळखीचा वाटेल. फक्त त्याची बाग सपाट रानात असते आणि इथे सगळं काम हातानं, पाठीवर ओझं वाहून करावं लागतं. दिवसभर तापलेले खांब रात्री ऊब सोडतात आणि त्या उबेवर डोंगरातल्या थंडीतही घड पिकतात.

ह्या मांडवावर नेब्बिओलो पिकतं. म्हणजे तेच द्राक्ष, ज्याची बारोलो ही पिएमोंतेतली नावाजलेली, महाग रेड बनते. गावातल्या छोट्या बागायतदारांनी १९६० साली एकत्र येऊन सहकारी तळघर काढलं, त्याचं नाव 'प्रोदुत्तोरी दी कारेमा'. एकेकाकडे दोन-चार तालींचा तुकडा, नोकरीधंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी छाटणी करणारी माणसं. मी तोरिनोत नोकरीला असताना त्यांची पहिली बाटली घेतली, तेव्हा ती चांगल्या बारोलोच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाली होती.

त्याच आठवड्यात एका सुपरमार्केटातून मी 'बारोलो' लिहिलेली एक स्वस्तातली बाटलीही आणली होती. गळ्याला सरकारी पट्टी होती, नाव खरं होतं. पण तोंडात नुसता कोरडा तुरटपणा आणि मागे कडवट चव, बाकी काही नाही. कारेमाच्या ग्लासात रंग फिका, कडेला विटकरी छटा. वास आधी बंद, तासाभरानं सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा आणि आंबट चेरीचा. जेवण संपलं तरी घोट तोंडात रेंगाळत होता. तेव्हापासून इटालियन रेड घ्यायची तर मी आधी मोठं नाव बघतो आणि मग त्या नावाच्या सावलीत कोण उभं आहे ते शोधतो. ते कसं शोधायचं, ते इथे क्रमानं लिहितोय.

१. आधी आपली जीभ ओळखा

दुकानात जाण्याआधी दोन शब्द पक्के करा: आंबट आणि तुरट. इटालियन रेड ह्या दोनांवर उभी असते. गोडसर, मऊ रेडची सवय असलेला माणूस पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो, ते ह्यामुळेच. तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. जास्त उकळलेला कोरा चहा, कच्चं केळं किंवा आवळा खाल्ल्यावर हिरड्या जशा आवळल्यासारख्या होतात, तसाच तो लागतो. आंबटपणा तोंडाला पाणी सुटण्यावरून ओळखायचा.

आता द्राक्षं. बार्बेरा म्हणजे आंबट जास्त, तुरट कमी. कोकम आवडणाऱ्याला ती पहिल्या घोटात आवडते. दोल्चेत्तोत आंबटपणा कमी आणि शेवटी बदामासारखा हलका कडवटपणा. नेब्बिओलोत आंबट आणि तुरट दोन्ही भरपूर, पण रंग फिका. गडद रंग म्हणजे दमदार वाईन असं आपण धरून चालतो, नेब्बिओलो तो समज मोडून काढतं. दक्षिणेतलं आल्यानिको तसंच कडक, पण रंगानंही काळपट. अब्रुत्सोतलं मोंतेपुल्चानो गडद, फळाच्या चवीचं आणि बरंच मऊ. सिसिलीतलं फ्रापात्तो हलकं, सुवासिक. तोस्कानाचं (टस्कनीचं) सांजोवेसे ह्या सगळ्यांच्या मधोमध बसतं.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना ह्यातलं एक द्राक्ष घराजवळच चाखता येतं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ 'फ्रातेल्ली'च्या बागा आहेत. इटलीतले सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती वायनरी काढली. फ्रातेल्ली ह्या शब्दाचा अर्थच भाऊ असा आहे. तोस्कानाचे पिएरो मासी तिथे वाईनकार म्हणून आले आणि अकलूजच्या मातीत सांजोवेसे लागलं. ती वाईन म्हणजे तोस्कानाची चव नव्हे, ऊन वेगळं आणि माती वेगळी. पण ह्या द्राक्षातला आंबटपणा आपल्याला मानवतो का, हे कळायला ती बाटली पुरेशी आहे.

२. सावलीतलं गाव शोधा

किंमत कशानं चढते ते आधी बघू. बारोलोतल्या चांगल्या बागेच्या जमिनीला हेक्टरी दहा लाख युरोंच्या वर भाव आहे. शिवाय नियमानुसार बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो ही तोस्कानातली नावाजलेली रेड सुगीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी बाजारात आणताच येत नाही. एवढी वर्षं अडकलेला पैसा, जमिनीचा भाव आणि जगभरची मागणी, सगळं त्या एका बाटलीवर चढतं.

म्हणून पहिली युक्ती अशी: उत्पादक चांगला धरा आणि त्याची धाकटी बाटली घ्या. बारोलो करणाराच बहुतेक वेळा लांगे नेब्बिओलोही करतो (लांगे म्हणजे बारोलोभोवतीचा डोंगराळ पट्टा). त्यात तरुण वेलींची द्राक्षं असतात, आणि कधीकधी बारोलोच्याच बागेतली, पण बारोलो म्हणून न विकलेली वाईनही असते. तसंच ब्रुनेल्लो करणाऱ्याची रोस्सो दी मोंताल्चिनो. द्राक्ष तेच, शंभर टक्के सांजोवेसे, आणि ती सुगीच्या पुढच्याच वर्षी १ सप्टेंबरला बाजारात येते. एखादं वर्ष पावसानं बिघडलं की कसोशीचा उत्पादक ब्रुनेल्लो कमी करतो किंवा करतच नाही, आणि तो सगळा माल रोस्सोत जातो. अशा वर्षी धाकटी बाटली फार चांगली निघते.

दुसरी युक्ती शेजाराची. नेब्बिओलो फक्त बारोलोत होत नाही. पिएमोंतेच्या उत्तरेला गात्तिनारा, गेम्मे, बोका, लेस्सोना, ब्रामातेर्रा ही गावं आहेत. तिथे नेब्बिओलोला स्पान्ना म्हणतात. गात्तिनारा आणि बोकाची जमीन प्राचीन ज्वालामुखीच्या खडकाची आहे, त्यामुळे वाईन बारोलोपेक्षा सडपातळ आणि काहीशी खनिज चवीची लागते. आणखी पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून वाल्तेल्लिना आहे. तिथे ह्याच द्राक्षाचं नाव कियावेन्नास्का. लेबलवर सास्सेल्ला, ग्रुमेल्लो, इन्फेर्नो, वाल्जेल्ला किंवा मारोज्जा असं काही दिसलं, तर ती तिथल्या तालींची नावं आहेत हे ओळखा.

ही गावं मागे का पडली? जमीन वाईट म्हणून नव्हे. बिएल्लाच्या लोकर गिरण्यांना हात हवे होते, इव्रेआत ओलिवेत्तीचा टाइपरायटरचा कारखाना उभा राहिला, आणि डोंगरावर पाठीनं खत वाहण्यापेक्षा महिन्याचा पगार बरा, हे तरुणांना पटलं. आपल्याकडे कोकणातली आणि घाटावरची माणसं गिरणगावात आली आणि मागे वरकस जमिनी पडीक राहिल्या, तशीच ही गोष्ट. कित्येक तालींवर जंगल चढलं. जे थोडे मागे राहिले किंवा नंतर परत आले, त्यांच्या बाटल्या आज आपल्याला परवडतात. म्हणून कुठलंही अनोळखी नाव दिसलं की मी आधी विचारतो, हे गाव अनोळखी का राहिलं? कारण जमिनीत नसून इतिहासात असेल, तर तिथे थांबायचं.

तिसरी युक्ती विस्मृतीत गेलेल्या द्राक्षांची. मोन्फेर्रातोतलं रुके हे द्राक्ष नाहीसं व्हायच्या बेतात होतं. कास्तान्योले मोन्फेर्रातो गावचे पाद्री जाकोमो काउदा ह्यांनी १९६० च्या दशकात चर्चच्या बागेतल्या वेलींवर मेहनत घेतली, त्याची वाईन केली, आणि २०१० मध्ये त्या वाईनला डीओसीजी हा सर्वोच्च दर्जा मिळाला. ग्लासात नाक घातलं की गुलाब आणि मिरी. पिएमोंतेतच वेर्दुनो गावचं पेलावेर्गा, तसंच ग्रिन्योलिनो, लात्सिओतलं चेसानेसे, कालाब्रियातल्या चिरोचं गाल्योप्पो. नावं जिभेवर बसायला वेळ लागतो, आणि त्याच कारणानं भाव कमी राहतो.

दक्षिणेसाठी एवढंच लक्षात ठेवा: ताउरासी ही आल्यानिकोची नावाजलेली वाईन महाग वाटली तर त्याच भागातली इर्पिनिया आल्यानिको घ्या, किंवा शेजारच्या बाझिलिकातातली आल्यानिको देल वूल्तुरे. एत्नाच्या उतारावरच्या वाईन काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वस्त होत्या, आता राहिल्या नाहीत.

एक घोटाळा मात्र नक्की टाळा. मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो ह्या नावात मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे. विनो नोबिले दी मोंतेपुल्चानो ह्या नावात ते तोस्कानातलं गाव आहे आणि द्राक्ष सांजोवेसे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

३. बाटली फिरवा, मागचं लेबल वाचा

पुढचं लेबल चित्रकार करतो. मागची बारीक अक्षरं कायद्यानं लिहावी लागतात, आणि खरी माहिती तिथेच असते.

'इंबोत्तिल्यातो' म्हणजे बाटलीत भरलेली. त्यापुढे 'आल्लोरिजिने' असेल तर उत्पादकानं स्वतःच्या द्राक्षांची वाईन स्वतःच्या आवारात भरली आहे. 'इंतेग्राल्मेन्ते प्रोदोत्तो' असेल तर वेलीपासून बुचापर्यंत सगळं एकाच घरात झालं. नुसतं 'इंबोत्तिल्यातो दा' आणि पुढे एखाद्या कंपनीचं नाव असेल, तर वाईन कुठून तरी विकत आणून भरलेली असू शकते. आणि नावाच्या जागी नुसता अक्षर-आकड्यांचा कोड असेल, तर मी बाटली परत फळीवर ठेवतो. माझ्या त्या सुपरमार्केटातल्या बारोलोवर असाच कोड होता.

'आझिएंदा अग्रिकोला' म्हणजे शेती करणारं घर, स्वतःची बाग असलेलं. 'कांतिना सोचाले' म्हणजे सहकारी तळघर. 'कासा विनिकोला' बहुधा व्यापारी, द्राक्षं किंवा वाईन विकत घेणारा. सहकारी म्हटलं की नाक मुरडू नका. बार्बारेस्को गावात १९५८ साली पाद्री फिओरिनो मारेन्गो ह्यांनी १९ शेतकरी कुटुंबांना एकत्र करून 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को' उभी केली, आणि आज जगातल्या उत्तम सहकारी तळघरांत तिचं नाव घेतात. बेताच्या वर्षी ते आपल्या नामांकित बागांच्या वेगळ्या बाटल्या काढत नाहीत, सगळी वाईन साध्या बार्बारेस्कोत घालतात. अशा वर्षाची साधी बाटली आवर्जून घ्यावी.

बाटलीच्या गळ्याशी नंबर छापलेली कागदी पट्टी असते. डीओसीजी वाईनवर ती असलीच पाहिजे, सरकारी टांकसाळीत छापली जाते. तिच्यावरून गाव आणि नियम खरे आहेत एवढं कळतं, वाईन तुम्हाला आवडेल की नाही ते नाही. उलट आयजीटी हा खालचा दर्जा वाटला तरी त्यात काही अप्रतिम वाईन असतात, कारण उत्पादकाला नियमाबाहेरचं द्राक्ष वापरायचं असतं. 'रिझेर्वा' म्हणजे जास्त मुरवलेली, ती जास्त चांगली असेलच असं नाही. 'क्लास्सिको' म्हणजे त्या प्रदेशाचा जुना, मूळचा पट्टा. 'जुन्या वेली' लिहिलेलं असतं त्याला सगळीकडे लागू होईल अशी वयाची अट नाही, म्हणून विचारावं, किती जुन्या?

आणखी एक खूण. २००८ साली स्वतंत्र बागायतदारांनी 'फिवी' नावाची संघटना स्थापन केली. स्वतःची बाग कसणारा, स्वतः वाईन करणारा आणि स्वतःच्या नावानं भरणारा, अशालाच तिचं सभासदत्व मिळतं. बाटलीच्या टोपणावर डोक्यावर द्राक्षांची पाटी घेतलेल्या माणसाचं चित्र दिसलं, की ही त्यांची खूण. अनोळखी दुकानात दहा सेकंदांत निर्णय घ्यायचा असेल तर मी ह्याच चित्राकडे बघतो.

४. सुगीचं वर्ष, थोडक्यात

वर्षांचे तक्ते पाठ करायची गरज नाही. पिएमोंते आणि तोस्कानासाठी २०१६ फार उत्तम. २०१७ कडक उन्हाचं आणि कोरडं. २०१४ थंड आणि पावसाचं. २०२३ साली मध्य आणि दक्षिण इटलीत, विशेषतः अब्रुत्सोत, केवड्यानं म्हणजे आपले बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतात त्या रोगानं बागाच्या बागा झोडपल्या. चांगल्या वर्षी कुणाचीही घ्या, अवघड वर्षी माणूस बघून घ्या. अवघड वर्षातही ज्याची साधी बाटली स्वच्छ आणि चवदार निघते, त्याच्याकडे मी दरवर्षी जातो.

५. दुकानदार, मेळा आणि प्रत्यक्ष बाग

इटलीत असाल तर सुपरमार्केटाऐवजी एनोतेका, म्हणजे वाईनचं खास दुकान गाठा. 'चांगली वाईन द्या' असं म्हणू नका. 'पंधरा युरोंपर्यंत, ह्याच भागातली, तुम्ही स्वतः घरी पिता ती' असं म्हणा. तोरिनोतल्या माझ्या दुकानदारानं हे ऐकल्यावर समोरच्या फळीवरून हात काढला आणि काउंटरखालून बाटली वर आणली. गात्तिनारातल्या एका छोट्या घराची ती स्पान्ना होती आणि तिचं लेबल हातानं चिकटवल्यामुळे तिरकं लागलं होतं.

जर्मनी, हॉलंड, इंग्लंड किंवा अमेरिकेत असाल तर बाटलीमागे आयातदाराचं नाव बघा. एखाद्या छोट्या उत्पादकाची बाटली आवडली तर तिच्या आयातदाराच्या बाकीच्या बाटल्याही शोधा. छोट्या शेतकऱ्यांकडे स्वतः जाऊन माल निवडणारे आयातदार थोडे असतात, आणि त्यांची चव एकदा तुमच्या चवीशी जुळली की निम्मं काम संपतं.

नोव्हेंबरमध्ये फिवीचा मोठा बाजार भरतो. आधी तो पिआचेन्झात भरायचा, २०२३ पासून बोलोन्यात भरतो. शेकडो बागायतदार आपापल्या टेबलामागे स्वतः उभे असतात, लोक सुपरमार्केटातल्यासारखी ढकलगाडी घेऊन फिरतात, चाखतात आणि बाटल्या भरतात. एका दिवसात एवढं शिकायला मिळेल अशी दुसरी जागा मला माहीत नाही. सगळं चाखायला जाऊ नका, एकच प्रदेश किंवा एकच द्राक्ष ठरवून जा.

बागेवर जायचं तर आधी मेल किंवा फोन कराच. छोट्या घरात स्वागतकक्ष नसतो. तुम्हाला वाईन चाखवायला बसलेला माणूस त्या वेळी ट्रॅक्टरवर असायला हवा होता, हे ध्यानात ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबर ही तोडणीची गडबड आणि ऑगस्टचा मध्य म्हणजे सुट्टी, ह्या वेळा टाळा. वेळेवर पोचा, अत्तर लावू नका, आणि चाखून झाल्यावर निदान दोन-चार बाटल्या घ्या. 'क्वांती एत्तारी?' म्हणजे किती हेक्टर, आणि 'क्वांते बोत्तील्ये?' म्हणजे किती बाटल्या, हे दोन प्रश्न इटालियनमध्ये विचारले की माणूस खुलतो. मग छाटणी कधी करता ते विचारा. नाशिककडे वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये छाटणी होते आणि द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडतात, हे मी गेम्मेजवळच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराला सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मग तळघरातून न विकण्यासाठी ठेवलेली बाटली आणली.

गाडी चालवणाऱ्यानं चाखून थुंकावं. टेबलावर पिकदाणीसारखं भांडं त्यासाठीच असतं, त्यात कमीपणा नाही. इटलीत गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि परवान्याला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

घराच्या मागच्या बाजूला 'स्फूझो' अशी पाटी दिसली तर ती सुटी वाईन. गावकरी रिकामे डबे आणि काचेचे ५४ लिटरचे मोठे बुधले घेऊन येतात आणि पूर्वी आपल्याकडे चरवी घेऊन दूध आणायला जायचे तसे भरून नेतात. उत्पादकाची पारख करायला मी आधी हीच वाईन चाखायला मागतो. गावकऱ्यांच्या रोजच्या जेवणासाठी केलेल्या वाईनमध्येही जो हयगय करत नाही, त्याच्या बाटलीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

६. तीन दिवसांची परीक्षा

एक बाटली घ्या, लगेच डझनभर नकोत. पहिल्या दिवशी उघडल्यावर आधी वास घ्या. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलेलं आहे. त्यात उत्पादकाचा दोष नाही, दुकानदार बहुधा बदलून देतो. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणका, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास, तबेल्याचा उग्र वास, हे वाईन करण्यातले किंवा साठवणीतले दोष. काडी ओढल्यासारखा किंवा उकडलेल्या अंड्यासारखा वास मात्र अर्ध्या तासात हवेनं जाऊ शकतो, थांबून बघा.

तापमानाकडे लक्ष द्या. रेड खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड दगडी घरांतून आलेला आहे. सोळा ते अठरा अंश चांगलं, म्हणजे पुण्याच्या एप्रिलमध्ये बाटली बराच वेळ फ्रिजमध्ये ठेवूनच उघडायची. फ्रापात्तो किंवा ग्रिन्योलिनोसारखी हलकी रेड आणखी थोडी गार. नेब्बिओलो आणि आल्यानिकोला उघडल्यावर तास-दोन तास द्या.

अर्धी बाटली जेवणाबरोबर संपवा, उरलेलीला बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक ग्लास, तिसऱ्या दिवशी शेवटचा. कारखान्यात घासूनपुसून गोडसर केलेली रेड पहिल्या घोटाला छान लागते आणि दुसऱ्या दिवशी लोळागोळा होते. मन लावून केलेली नेब्बिओलो दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी होते, तुरटपणा मऊ पडतो, वास खुलतो. तिसऱ्या दिवशीही ती उभी असेल तर त्याच सुगीच्या सहा बाटल्या घ्या आणि वर्षाला एक उघडा. प्रत्येक वेळी वहीत तीन ओळी लिहा: कुठून, कितीला, तिसऱ्या दिवशी कशी.

७. आपल्या ताटाबरोबर

तिखट आणि तुरट एकमेकांना चिघळवतात. तांबड्या रश्श्याबरोबर आल्यानिको किंवा बारोलो उघडलीत तर जीभही भाजते आणि वाईनही कडू लागते. झणझणीत जेवणाबरोबर मी कडक रेड काढतच नाही. बेताच्या तिखटाच्या सुक्या मटणाबरोबर मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो, टोमॅटोच्या आंबट रश्श्याबरोबर बार्बेरा, भाजलेल्या मश्रूमबरोबर नेब्बिओलो, हे माझ्या घरी जमलेले मेळ. आणि भजी, कोथिंबीरवडी ह्यांच्यासोबत एमिलियाची कोरडी लांब्रुस्को गार करून: फसफसणारी रेड, आंबट, तेलकटपणा धुऊन काढणारी. लेबलवर 'सेक्को' म्हणजे कोरडी असं लिहिलेलं आहे ना, ते बघा, नाहीतर गोड निघेल.

८. घरी आणताना

भारतात आयात वाईनवर वर्षानुवर्षं एकूण १५० टक्क्यांच्या घरात आयातशुल्क राहिलेलं आहे. त्यावर राज्याचे कर आणि विक्रेत्यांचा हिस्सा चढतो. म्हणून कारेमा मुंबईच्या दुकानात शोधत बसू नका. एवढ्या छोट्या घराची बाटली इथवर येणं अवघडच. प्रवासातून परतताना मात्र प्रौढ माणसाला २ लिटरपर्यंत दारू किंवा वाईन शुल्काशिवाय आणता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतलीत तर मर्यादा ओलांडते, पण अर्ध्या लिटरची छोटी बाटली मिळाली तर ती बरोबर बसते. नवराबायको दोघं असाल तर चार बाटल्यांचा हिशोब आधी करून जा, म्हणजे बागेत उभं राहून ठरवायला लागणार नाही. महाराष्ट्रात वाईन पिण्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो, हेही ध्यानात असू द्या.

युरोपातल्या युरोपात राहणाऱ्यांना हे सोपं आहे. युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात स्वतःसाठी नेताना ९० लिटरपर्यंत वाईनबद्दल सहसा कुणी विचारत नाही. फक्त उन्हाळ्यात गाडीत बाटल्या ठेवून फिरायला जाऊ नका. जुलैमध्ये बंद गाडीत दुपारभर राहिलेल्या माझ्या तीन बाटल्यांची बुचं वर सरकली होती. आत शिजवलेल्या मनुक्यांची चव, दुसरं काही उरलं नव्हतं.

विमानात बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, जाड मोज्यांत घालून. उत्पादकाकडे थर्माकोलचा साचा असलेलं खोकं मागितलं तर बहुतेक देतात. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या फळीवर, गॅसच्या वर ठेवू नका. वाईनचं कपाट नसेल तर घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा, आणि मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. प्रवासानंतर दोन-तीन आठवडे तिला हात लावू नका. हलल्यानं वाईन काही दिवस विस्कटलेली लागते, विशेषतः न गाळता भरलेली.

बाटली प्यायल्यावर मी तिच्या मागच्या लेबलवर दिलेल्या पत्त्यावर चार ओळींचा मेल लिहितो: कुठे उघडली, कशाबरोबर, तिसऱ्या दिवशी कशी लागली. मोठ्या कंपन्यांकडून उत्तर येत नाही. गेम्मेजवळच्या त्या घरातून आलं, त्यांच्या नातीनं लिहिलेलं: आजोबा विचारतात, वेलीला वर्षातून दोन छाटण्या खरंच सोसतात का, आणि ह्या वर्षी तुमच्यासाठी किती बाटल्या बाजूला ठेवायच्या.